नावापुढे काही नाही, म्हणून सेवा कमी?

ख्रिस्ती सेवाकार्यातली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक थकवा, घरातले वाद किंवा पैशांची ओढाताण घेऊन. पण दोन-तीन भेटी झाल्या की बऱ्याच जणांच्या तोंडून एक वाक्य निघतंच: “ताई, माझ्या नावापुढे पदवी-बिदवी काहीच नाही ना, म्हणून चर्चच्या मंडळीत कोणी मानत नाही.”

ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका सेवकाबद्दल सांगते. नोकरी सांभाळून ते एक लहान मंडळी चालवत. बायबल कॉलेज झालेलं नव्हतं, दीक्षाविधी, म्हणजे पाळक म्हणून रीतसर नेमणूक, तीही नाही. एक संस्था त्यांना मानद डॉक्टरेट द्यायला तयार होती. अभ्यास नाही, प्रबंध नाही, फक्त ‘देणगी’ भरायची. अर्ज त्यांनी सोबतच आणला होता. ‘प्रमाणपत्रावर नाव कसे छापावे’ या रकान्यात पेन्सिलीने ‘डॉ.’ लिहून खोडलेलं दिसत होतं.

“खोडलंत का?”

“आई विचारेल, कधी शिकलास रे? तिला काय सांगू?”

या प्रश्नातच त्यांचं मन जागं असल्याचं मला दिसलं. मग पदवीची ही ओढ कधीपासून लागली, ते विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खरं बाहेर आलं. तरुणांच्या बायबल अभ्यासात एका मुलाने विचारलं होतं, “मलकीसदेक म्हणजे नेमका कोण?” यांना सांगता आलं नाही. सगळ्यांसमोर ते त्याच्यावर खेकसले, “आधी प्रार्थना करायला शिक!” मुलगा यायचा बंद झाला.

म्हणजे उणीव दोन ठिकाणी होती: वचनाच्या ज्ञानात आणि स्वभावात. डॉक्टरेटने यातलं काय भरून निघणार होतं? उलट पुढच्या वेळी खेकसायला जोर आला असता.

आम्ही १ तीमथ्य ३, म्हणजे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्राचा तिसरा अध्याय, उघडला. मंडळीच्या अध्यक्षाकडून, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्याकडून, पौल काय अपेक्षितो? निर्दोष, सभ्य, अतिथिप्रिय, सौम्य, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट सांभाळणारा, बाहेरच्यांनीही चांगली साक्ष दिलेला. कौशल्य म्हणावं असं त्यात एकच, शिकवण्यातलं; बाकी जवळजवळ सगळं शीलाबद्दल. ‘सौम्य’वर आल्यावर ते थांबले. “हे घरी वाचून दाखवायची हिंमत नाही,” म्हणाले. मी त्यांना तेच करायला सांगितलं.

“म्हणजे शिक्षण नकोच का?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. नकोच असं मी कधीच म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकातले नामवंत इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्याकडे ईश्वरविज्ञानाची पदवी नव्हती, रीतसर दीक्षाही नव्हती. पण त्यांचं वाचन अफाट होतं, आणि १८५६ मध्ये पाळकांना शिकवण्यासाठी त्यांनीच कॉलेज सुरू केलं. बायबलमधल्या अपुल्लोस या उपदेशकाचं पाहा (प्रेषितांची कृत्ये १८). वक्ता मोठा, शास्त्रात प्रवीण, तरी त्याला फक्त येशूच्या आधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे त्याचं ज्ञान अपुरं होतं. राहुट्या शिवणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्याने तो समजून घेतला. मला तर त्याच्या वक्तृत्वापेक्षा त्याचं हे ऐकून घेणंच मोठं वाटतं.

दीक्षेलाही माझा विरोध नाही. मंडळीने माणूस पारखून त्याच्यावर हात ठेवावेत, म्हणजे त्याला सेवेसाठी नेमावं, उतावळीने नव्हे, असं पौलच सांगतो. पारख आधी, नाव नंतर. विकतच्या पदवीत ही पारखच गाळलेली असते.

पुढे ते त्या मुलाच्या घरी गेले. माफी मागितली आणि म्हणाले, “मलाही माहीत नव्हतं. आपण मिळून वाचू.” मलकीसदेक या राजा-याजकाबद्दलचे बायबलमधले उतारे, म्हणजे उत्पत्ती १४, स्तोत्र ११० आणि इब्री ७, त्यांनी सोबत वाचायला घेतले. मुलगा अभ्यासाला लगेच परतला नाही, काही आठवडे गेले. पदवीचा अर्ज त्यांनी पाठवला नाही; बायबलच्या पत्रद्वारे अभ्यासक्रमाला मात्र नाव घातलं.

हीच घालमेल तुम्हाला होत असेल, तर १ तीमथ्य ३ तिघांना वाचायला द्या: घरातलं एक माणूस, तुमच्याशी ज्याचं पटत नाही असं एक, आणि मंडळीबाहेरचं एक. माझ्यात यातलं काय कमी आहे, एवढंच विचारा. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.