डिक्टची कॉपी घेतलीस आणि तुझा क्लासच गायब झाला? आणि डीपकॉपी केलीस तर कीएरर आला?

घाबरू नकोस, पायथॉनमध्ये या खड्ड्यात जवळपास प्रत्येक जण एकदा तरी पडतो. तू डिक्टवरून, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणाऱ्या प्रकारावरून, स्वतःचा क्लास केलास, पण कॉपी मेथड डिक्टचीच वारशाने आली. ती तुझा क्लास विचारात घेत नाही. सरळ साधी डिक्ट हातात देते. ३.९ आवृत्तीपासून आलेल्या, दोन डिक्ट एकत्र करणाऱ्या उभ्या रेघेच्या ऑपरेटरचंही तसंच. म्हणून कॉपी मेथड स्वतः लिही.

कॉपी मॉड्यूलचं कॉपी फंक्शन वापरलंस तर क्लास टिकतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेव. डंडर इनिट, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड, पुन्हा चालत नाही (डंडर म्हणजे नावाच्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोर). आणि ऑब्जेक्टवर तू एखादी लिस्ट, समजा बदलांच्या इतिहासाची, ठेवली असलीस तर ती दोन्ही प्रतींत एकच असते. एकीत भर घातली की दुसरीतही दिसते.

आता तुझा खरा घोळ, आतल्या गोष्टींच्याही वेगळ्या प्रती करणाऱ्या डीपकॉपीचा. कीला टिंब देऊन पोचता यावं म्हणून डंडर गेटॲट्रमध्ये, म्हणजे ॲट्रिब्यूट सापडलं नाही तर चालणाऱ्या मेथडमध्ये, तू थेट की शोधतोस ना? डीपकॉपी आधी ऑब्जेक्टला विचारते, ‘तुझ्याकडे डंडर डीपकॉपी आहे का?’ तो प्रश्न तुझ्या गेटॲट्रकडे जातो आणि तिथून कीएरर उडतो. डीपकॉपीला ॲट्रिब्यूटएरर हवा असतो. कीएरर पकडून ॲट्रिब्यूटएरर दे. नसलेली की आपोआप तयार करत असशील तर आणखी मजा: डीपकॉपीला रिकामी डिक्ट मिळते, आणि ती त्या डिक्टलाच फंक्शन समजून कॉल करायला जाते! डंडरने सुरू होणारी नावं तिथे आधीच नाकार.

मी असतो तर कलेक्शन्स मॉड्यूलमधला, डिक्टसारखाच वागणारा यूजरडिक्ट क्लास घेतला असता. त्याची कॉपी क्लास राखते, आणि अपडेटसुद्धा तुझ्या डंडर सेटआयटममधूनच, म्हणजे कीला व्हॅल्यू देणाऱ्या मेथडमधूनच, जातं.