अमेरिकेत कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार मत देताना नक्की काय बघतात?

तुम्ही विचारलंय की देशात एवढी उभी फूट पडलेली असताना जे दोन्हीकडचे नाहीत त्यांना सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं. मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते, 2015 ला सिटिझन झाले आणि तेव्हापासून माझी नोंदणी 'अनअफिलिएटेड', म्हणजे कुठल्याच पक्षाची नाही, अशीच आहे, त्यामुळे माझ्या आजूबाजूला जे दिसतं तेच सांगते.

आधी एक गोष्ट, कारण घरी फोनवर सांगितलं तर कुणाला पटत नाही. इथे मतदार नोंदणीच्या फॉर्मवरच पक्ष विचारतात (सगळ्या राज्यांत नाही, आमच्याकडे विचारतात). सासरे म्हणाले, अगं मग गुप्त मतदान कसलं? मत गुप्तच असतं, पण तुमचं नाव कुठल्या पक्षाच्या खात्यात आहे ते कुणालाही बघता येतं. 2022 मध्ये आमच्या राज्यात 'कुठलाच पक्ष नाही' असं लिहिणारे दोन्हीपैकी कुठल्याही एका पक्षाच्या मतदारांपेक्षा जास्त झाले. आता हे सगळे कुंपणावर बसलेत असं समजू नका हं. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या सर्वेक्षणात 2024 ला देशभरातले 43 टक्के लोक स्वतःला स्वतंत्र म्हणत होते, पण कुठे झुकता असं पुढे विचारलं की त्यातले बरेच जण एक बाजू सांगतातच. खरे मधले थोडेच.

तर पहिलं म्हणजे खर्च. यात काही गूढ नाही. जून 2022 मध्ये महागाईचा दर 9.1 टक्के होता, चाळीस वर्षांत एवढा नव्हता. पुढे दर उतरला, टीव्हीवर सगळे सांगायला लागले की महागाई आटोक्यात आली, पण दर उतरला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला, वाढलेले भाव काही खाली आले नाहीत, आणि अंडी, घरभाडं, गाडीचा इन्शुरन्स, मुलांचं डेकेअर हे बिल ज्याला भरायचंय त्याला कुणी आकडा दाखवला की त्याला अजून राग येतो. मला पण यायचा.

पण नुसता खर्च म्हटलं तर अर्धंच उत्तर होईल. 2024 ला आमच्या राज्यात ट्रम्प साधारण 3 टक्क्यांनी जिंकले, आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाइन जवळजवळ 15 टक्क्यांनी आले. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत, काम मुख्यमंत्र्यांचं असतं आणि थेट निवडून येतात.) आमच्या शेजारी एसी दुरुस्तीचं काम करणारा एकजण आहे, त्याने हेच केलं. मला म्हणाला, वर बदल पाहिजे कारण माझं घर चालत नाहीये, पण राज्य मार्क रॉबिन्सनच्या (स्टाइनसमोरचा रिपब्लिकन उमेदवार) हातात द्यायचं नाही, तो माणूस जे बोलतो ते माझ्या मुलींसमोर मला सांगता येत नाही. बरं, आमच्याकडे एकाच खुणेत सगळं मत एका पक्षाला द्यायची सोय कायदा करून काढून टाकलीय, म्हणजे प्रत्येक ओळीवर वेगळा विचार करावाच लागतो. मला ते फार आवडतं.

आणि काम. दहा वर्षं इथे मेडिकेडवरून भांडण चाललं, गरिबांचा सरकारी आरोग्य विमा वाढवायचा की नाही यावर. शेवटी मार्च 2023 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने विधेयक पास केलं आणि डेमोक्रॅट गव्हर्नर रॉय कूपर यांनी सही केली, 1 डिसेंबरपासून सुरू झालं आणि वर्षभरात 6 लाखांवर लोक आले त्यात. कुठल्या पक्षाचं यश म्हणाल? आमच्यासारख्यांना असंच काहीतरी हवं असतं, पण अशी बातमी दोन दिवसांत विरून जाते आणि भांडण मात्र महिनाभर चालतं.

तरी मला स्वतःला सगळ्यात जास्त कशाचं लागत असेल तर माझं मत खरंच मोजलं जातं का याचं. 2022 ला कोर्टाने घालून दिलेल्या मतदारसंघांच्या नकाशावर इथून काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, खालच्या सभागृहात 7 डेमोक्रॅट आणि 7 रिपब्लिकन गेले. मग विधिमंडळाने नकाशा नव्याने काढला आणि 2024 ला 10 रिपब्लिकन, 4 डेमोक्रॅट. राज्य तेच, माणसं जवळपास तीच, फक्त रेघा हलवल्या. दुसरीकडे डेमोक्रॅटिक राज्यांतही हे खेळ चालतातच, इलिनॉयचा नकाशा बघा. म्हणून कुणी दार वाजवून मत मागायला आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, नकाशे काढायचं काम स्वतंत्र समितीला द्याल का? दोन्हीकडचे पोरं-पोरी गडबडतात, त्यांच्या कागदावर याचं उत्तर नसतं.

त्याच 2024 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेचा (आमच्याकडे न्यायाधीशही मतदानाने निवडतात) निकाल 734 मतांनी लागला, 55 लाखांच्या आसपास मतांत. हरलेल्या उमेदवाराने 60 हजारांहून जास्त मतांवर हरकत घेतली, नावांची यादीच बाहेर आली. मंडळातल्या एका काकूंचं नाव त्यात निघालं. सत्तरीच्या बाई, रांगेत उभं राहून मत दिलेलं, आणि त्या मला फोन करून विचारतायत, अगं माझं काही चुकलं का? मे 2025 ला त्या उमेदवाराने हार मानेपर्यंत सहा महिने काकू दर आठवड्याला मला हाच प्रश्न विचारत होत्या.