ट्रान्सप्लांटनंतर : हाताची थरथर, गोल झालेला चेहरा आणि सासूबाईंचा काढा

या वेळी चार पत्रे घेतली आहेत. चौघांकडेही ट्रान्सप्लांट किडनीचे, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या साधारण त्याच : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. हे वाचून डोस बदलू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचे, ते मात्र लिहून ठेवा.

प्रश्न : लालबागला माझे शिवणकामाचे दुकान आहे. चार महिन्यांपूर्वी ट्रान्सप्लांट झाले. तब्येत छान आहे, पण सकाळची गोळी घेतली की तासाभरात हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. ती गोळी दुपारी घेतली तर?

थरथर टॅक्रोलिमसची. गोळी घेतल्यावर साधारण एक ते तीन तासांत रक्तातले औषध सर्वांत जास्त असते, आणि थरथरही तेव्हाच वाढते. फक्त सकाळचा डोस दुपारी ढकललात तर दोन डोसांमधले बारा तासांचे अंतर मोडते आणि लेव्हल, म्हणजे रक्तातली औषधाची पातळी, वरखाली होते. ती खाली गेली की शरीर नव्या किडनीवर उलटू शकते. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून दोन्ही वेळा सरकवा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा केलेत, तर दहाला दुकान उघडेपर्यंत जोर ओसरलेला असेल. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी टॅक्रोलिमसही मिळते. काहींची थरथर तिने कमी होते. शिवाय पहिल्या काही महिन्यांनंतर डोस बहुधा उतरतोच.

लेव्हलचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. कितीतरी जण सवयीने गोळी घेऊन लॅबच्या रांगेत उभे राहतात. मग रिपोर्ट फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. आणि केमिस्टने ‘तेच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरे पाकीट पुढे केले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कंपनी बदलली तर लेव्हल पुन्हा तपासावी लागते.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. किडनी मीच दिली. स्टिरॉइडने तिचा चेहरा गोल झालाय, मुरुमे आलीत, कॉलेजला जायचे नाव काढत नाही. परवा तिच्या पर्समध्ये न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. रागावले तर बोलणेच बंद केले.

आधी याच आठवड्यात तिची क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लेव्हल करून घ्या. रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणे, सुरू झाले तरी बरेचदा काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. ‘तिला तर काहीच त्रास नाही’ यावर विसंबू नका.

आता रागावण्याबद्दल. या वयात गोळ्या चुकवणे आम्ही सतत पाहतो आणि त्यापायी चांगल्या चाललेल्या किडन्या गेलेल्याही पाहतो. पण ‘मी तुला किडनी दिली आणि तू...’ हे वाक्य घरात उच्चारू नका. तिला ते तुमच्याइतकेच ठाऊक आहे, म्हणून तर ती गोळ्या लपवते. चेहऱ्याची सूज खोटी नाही. ‘दिसण्याचं काय एवढं’ म्हणणाऱ्या मावश्या-काकूंना तुम्हीच थांबवा. स्टिरॉइडचा डोस उतरतो तसा चेहरा काही महिन्यांत बराचसा पूर्ववत होतो. त्याचे वेळापत्रक डॉक्टरांनी तिला स्वतः समजावून सांगायला हवे. जेवणात मीठ कमी ठेवा. स्टिरॉइडची भूक खोटी असते, हे तिला सांगा. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना औषधांची यादी बरोबर न्या, कारण काही अँटिबायोटिक्सने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते.

पुढच्या भेटीत दहा मिनिटे तुम्ही बाहेर बसा, तिला एकटीला बोलू द्या. मायकोफेनोलेट गर्भाला घातक असते. तिच्या वयाच्या मुलीशी गर्भनिरोधनाबद्दल स्पष्ट बोलणे आमचे कामच आहे. वाचून तुम्हाला अवघडल्यासारखे होईल, पण आईसमोर ती काही विचारणार नाही.

प्रश्न : मिस्टरांना दिवसातून चार-पाच वेळा जुलाब होतात. सासूबाई रोज गुळवेलीचा काढा देतात, म्हणतात प्रतिकारशक्ती वाढेल. (डोंबिवली)

काढा आजपासून बंद. मिस्टर रोज ज्या गोळ्या घेतात त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच आहेत. तीच वाढवायला निघालो तर ती किडनीवरच चालून जाईल. शिवाय गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, घरात वादळ होईल. त्यांना दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

जुलाब मायकोफेनोलेटचे असू शकतात. तसे असेल तर डोस विभागून देता येतो किंवा आतड्यात विरघळणारी गोळी देता येते. पण आधी जंतुसंसर्ग नाही ना, हे शौच तपासून पाहावे लागते. जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका. जुलाबांत अंगातले पाणी जाते आणि टॅक्रोलिमसची लेव्हलही चढते, म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त वाट पाहू नका.

प्रश्न : पावसाळा, लोकलची गर्दी, बाहेरचे खाणे : काय चालेल, काय नाही? (कुर्ला)

गर्दीत मास्क. तुंबलेल्या पाण्यातून जावे लागले तर पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन बंद. ती किडनीला बाधतात.

पाणीपुरी, बर्फाचा उसाचा रस, कच्चे मोड : नाही. शिजवलेली उसळ खुशाल खा. गणपतीच्या सुमारास बाजारात पपनस येते, तेही नाही, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढू शकते. मोसंबी चालेल. खिडकीच्या ग्रिलमधली कबुतरांची घाण दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.

आणि बॅगेत कायम दोन डोस ठेवा. गाडी कुर्ला-सायनच्या मध्ये अडकली तर गोळी तिथेच घेता येते. एखादा डोस उशिरा आठवला तर काय करायचे, हे तुमच्या टीमकडून आधीच लिहून घ्या. पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या मात्र घेऊ नका.