तिकीट कधी काढायचं, आणि त्याआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न असा की, पुढच्या वर्षी तुम्ही चौघं कायमचे परदेशी निघणार, थोरली सात वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. विमान कंपन्या विक्री किती आधी उघडतात, उघडल्या उघडल्या तिकीट काढलं तर स्वस्त पडतं का, आणि परतीचं काढून ठेवावं का, हे तुम्हाला हवंय. वाचल्यापासून माझ्या मनात बरंच काही वर आलंय, तेव्हा उत्तर लांबणार. व्हिसाचे प्रकार, फी, कागदांची यादी हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर मिळेल. त्यात मी शिरत नाही.

बहुतेक मोठ्या कंपन्या साधारण अकरा-बारा महिने आधी विक्री उघडतात. अमेरिकन एअरलाइन्स ३३१ दिवस आधी, युनायटेड ३३७, ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स ३५५. त्या हद्दीवर रोज एक नवा दिवस विक्रीला येतो. इझीजेट, रायनएअर यांच्यासारख्या स्वस्त कंपन्या मात्र एका मोसमाची उड्डाणं एकदम खुली करतात. मोसम दोनच. उन्हाळी मोसम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी.

हे मोसम तुमच्या कामाचे आहेत. गर्दीच्या विमानतळांवर उडायच्या-उतरायच्या वेळा आधी ठरवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, परिषद वर्षातून दोनदा भरते. जूनमध्ये येत्या हिवाळ्यासाठी, नोव्हेंबरमध्ये येत्या उन्हाळ्यासाठी. म्हणजे अकरा महिने आधी तुम्ही जे उड्डाण बघता, त्याची वेळ बऱ्याचदा पक्की झालेलीच नसते, चालू वर्षाचंच वेळापत्रक पुढे ओढलेलं असतं. म्हणून फार आधी काढलेल्या तिकिटांच्या वेळा मागाहून हलतात, आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायला ठेवलेले दोन तास कधी पन्नास मिनिटांवर येतात. असं झालं तर कंपनीनं पाठवलेला नवा बेत लगेच मान्य करू नका. बदल मोठा असेल तर त्याच तिकिटावर दुसरं उड्डाण मागता येतं, नाहीतर पैसे परत. कडेवर मूल आणि हातात चार बॅगा घेऊन पन्नास मिनिटांत सुरक्षा तपासणी पार करून दुसरं विमान गाठणं होत नाही.

आता भावाचं. विक्री उघडते त्या दिवशी सर्वांत स्वस्त मिळतं, हा समज खरा नाही. एकाच केबिनमधल्या जागा दहा-बारा भाडेवर्गांत वाटलेल्या असतात. प्रत्येक वर्गाला एक इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचे नियम वेगळे. मागणी कशी येते ते बघून कंपनी स्वस्त वर्ग उघडते आणि मिटते. वर्षभर आधी खरेदी करणारा माणूस बहुधा तारखेला बांधलेला असतो हे तिला ठाऊक असतं, त्यामुळे तेव्हा सूट द्यायची तिला घाई नसते. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी माझं मत असं: आडहंगामात निघणार असाल तर तीन ते पाच महिने आधी, शाळेच्या सुट्ट्या किंवा डिसेंबर असेल तर सहा ते आठ महिने आधी. आणि शेवटच्या आठवड्यात भाव पडेल या आशेवर चार जणांच्या कुटुंबानं तरी बसू नये. बरीच स्वस्त भाडी ‘किमान २१ दिवस आधी’, ‘१४ दिवस आधी’, ‘७ दिवस आधी’ अशा अटींवर असतात. ती मुदत उलटली की तो वर्ग तुमच्यासाठी बंद, मग विमान अर्धं रिकामं का असेना. मंगळवारी तिकीट काढा, रात्री काढा, ब्राउझरचा इतिहास पुसून काढा, हे सगळं सोडून द्या. तुम्ही तिकीट काढता कोणत्या वारी, याला महत्त्व नाही. उडता कोणत्या वारी, याला आहे.

एक गोष्ट कुटुंबवाल्यांना कुणी सांगत नाही. चार जागा एकत्र शोधल्या आणि स्वस्त वर्गात तीनच उरल्या असतील, तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही वरच्या वर्गाचं भाडं लावतात. म्हणून आधी एकासाठी भाव बघा, मग सगळ्यांसाठी. फरक दिसला तर दोन भागांत काढता येतं, पण अशा वेळी दोन वेगळी आरक्षणं होतात आणि उड्डाण रद्द झालं तर यंत्रणा तुम्हाला वेगवेगळ्या विमानांत बसवू शकते. मुलं बरोबर असताना तेवढ्या बचतीसाठी मी हे करणार नाही.

धाकट्याचं नीट बघा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्या कंपन्या साधारण प्रौढ भाड्याच्या १० टक्के घेतात. पण वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशी, तिकीट काढलं त्या दिवशी नाही. जाताना पावणेदोन वर्षांचा आणि परतीच्या तारखेला दोन पूर्ण झालेला असेल, तर परतीसाठी त्याला स्वतःची जागा आणि मुलाचं भाडं लागतं.

परतीच्या तिकिटाबद्दल. अकरा महिने आधी जायचं तिकीट काढायला बसलात तर परतीची तारीख विक्रीला आलेलीच नसते, हा पहिला अडथळा. दुसरा असा की जुन्या, मोठ्या कंपन्यांत एकेरी तिकीट जाऊन-येऊन तिकिटाच्या निम्म्याहून बरंच महाग असतं. क्वचित पूर्ण तिकिटापेक्षाही. म्हणून काही लोक लांबची कुठलीही तारीख टाकून परतीचं काढतात आणि पुढे बदलतात. ते चालतं, फक्त बदलाची फी आणि तेव्हाच्या भाड्यातला फरक दोन्ही द्यावं लागेल, आणि तिकीट सहसा वर्षभरच वैध असतं. क्रमही मोडता येत नाही. आधीचा टप्पा वापरला नाही तर पुढचे आपोआप रद्द होतात. तुम्ही कायमचे जाताय. माझ्या मते एकेरी काढा, तारीख बदलता येईल असं काढा, आणि बॅगांची मुभा धरून भावांची तुलना करा. स्थलांतरितांसाठी किंवा विद्यार्थ्यांसाठी जादा सामान देणारं भाडं आहे का, हे कंपनीला फोन करून विचारा, कारण ते संकेतस्थळावर नेहमी दिसत नाही.

बदलता येईल असं काढा, हे मी का सांगते? आम्हीही असेच कायमचे परदेशी निघालो, तेव्हा आमची तारीख तिकिटाच्या भावावर ठरली नाही, कागदांवर ठरली. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांची मुदत मर्यादित असते, आणि काही देश कायमच्या व्हिसावर पहिल्या प्रवेशाची अखेरची तारीख घालतात, ती बहुधा याच मुदतींवरून काढलेली असते. आमच्या अर्जात मुलीच्या जन्मदाखल्यावर तिच्या वडलांचं नाव मधे होतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात होतं. दोन्ही सरकारी कागद, दोन्ही खरे. कार्यालयाला मात्र ती दोन वेगळी मुलं वाटत होती. प्रतिज्ञापत्र दिलं, मग त्याचं प्रमाणित भाषांतर मागितलं, मग भाषांतरकाराच्या नोंदणीचा पुरावा मागितला. तोवर वैद्यकीय तपासणीची मुदत संपत आली. प्रत्येक पत्र वेगळ्या अधिकाऱ्याचं आणि प्रत्येकाची सुरुवात पहिल्या पानापासून. आम्ही चुकलो नव्हतो, तरी सिद्ध आम्हालाच करायचं होतं. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. काही कंपन्या थोडे पैसे घेऊन भाडं दोन-तीन दिवस धरून ठेवतात, त्याचा उपयोग करा.

या सगळ्यामुळे आम्ही पोचलो ते शाळेचं वर्ष निम्मं झाल्यावर. मुलीची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं भाषांतरासकट मी हातात नेलं होतं. शाळेच्या कार्यालयातल्या बाईंनी ते उघडूनही पाहिलं नाही. ‘पडताळणी होईपर्यंत’ म्हणून तिला एक इयत्ता खाली बसवलं. पडताळणी वसंतात झाली, पण तेव्हा ‘आता वर्ष संपतच आलंय’ म्हणाले, आणि पुढच्या वर्षी ‘आता तिच्या मैत्रिणी इथे आहेत’. गणितं सगळ्यांच्या आधी सोडवून ती खिडकीकडे बघत बसायची. घरी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. आज तिचं छान चाललंय. ती विसरली असेल. मी विसरले नाही.

म्हणून तुमच्या थोरलीसाठी सांगते, व्हिसानं मुभा दिली तर शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी पोचा. ते दिवस नेमके महाग भाड्याचे असतात, कारण सगळ्यांच्या सुट्ट्या तेव्हाच संपत असतात. तरी ते पैसे द्या. मधल्या महिन्यात तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून जाणं पुढे ढकलू नका. आणि निघण्यापूर्वीच शाळेला लेखी विचारा की इयत्ता कोण ठरवतं, कशावर ठरवतं. तोंडी उत्तरावर थांबू नका.

एकटं वाटतं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वाटतं. दोघं आहात, मुलं आहेत, दिवस भरून जातो. त्याची फार तयारी करता येत नाही.

तयारी करायचीच असेल तर अचानक काढाव्या लागणाऱ्या तिकिटाची करा. दरवर्षीच्या भेटीचं जमतं, तारखा सुट्ट्यांनी ठरवलेल्या असतात, सहा-आठ महिने आधी भाव बघून काढता येतं. पण फोन येतो तेव्हा २१ दिवसांच्या अटीला काही अर्थ नसतो. आईचं ऑपरेशन आठवड्यावर ठरलं तेव्हा मी भाडं बघितलं, नेहमीच्या दुपटीच्या वर होतं. नवी नोकरी, दोघांची मिळून शिल्लक फारशी नाही. आई फोनवर म्हणाली, येऊ नकोस, भाऊ आहे, पैसे उडवू नकोस. मी गेले नाही. ऑपरेशन नीट झालं, ती बरी झाली, अजूनही म्हणते की बरं केलंस आली नाहीस. भाऊ त्याविषयी कधीच काही बोलला नाही. गेले असते तर नक्की काय वेगळं झालं असतं, हे मला सांगता येत नाही, आणि न जाणं बरोबर होतं असंही मला अजून म्हणता येत नाही. त्यानंतर आम्ही एका माणसाच्या ऐनवेळच्या जाऊन-येऊन तिकिटाएवढी रक्कम वेगळी काढली. तिला कशासाठीही हात लावत नाही. तुम्ही ती निघण्यापूर्वीच बाजूला काढा, सामानाच्या खर्चातून कमी करून का होईना. हा निर्णय भाड्यामुळे घ्यायची वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डेल्टा, एअर कॅनडा यांसारख्या मोजक्या कंपन्या जवळच्या नात्यातल्या मृत्यूसाठी वेगळं भाडं देतात, काही अगदी गंभीर आजारपणासाठीही. कागद लागतात, आणि ते नेहमी सर्वांत स्वस्त असतंच असं नाही, पण तारीख बदलायची मोकळीक जास्त मिळते. तुमच्या मार्गावर उडणाऱ्या कंपन्यांचं आताच विचारून लिहून ठेवा. त्या दिवशी शोधत बसणं होत नाही. पासपोर्ट नूतनीकरणाला किंवा व्हिसा बदलायला दिलेला असतानाच फोन येऊ शकतो, तेव्हा त्या काळात देशाबाहेर जाऊन परत येता येईल का, तेही अर्ज देण्यापूर्वी विचारा.

तुमच्यासाठी नेमकं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात: व्हिसावर पहिल्या प्रवेशाची अखेरची तारीख आहे का, तिथल्या शाळेचं वर्ष कधी सुरू होतं, आणि धाकट्याला दोन वर्षं कधी पूर्ण होतात. त्या कळवा, म्हणजे थेट उड्डाण घ्यायचं की मधे एक रात्र थांबायचं आणि भाव कधीपासून बघायला लागायचं, हे महिन्यासकट सांगते.