इंग्रजीतील अवघड शब्दांचे अर्थ पाठ करूनही विसरायला होतात. ते शिकावेत कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, तुम्ही ठाण्यात राहता, ऐरोलीला नोकरीला जाता आणि परदेशी शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेसाठी अवघड इंग्रजी शब्दांची यादी मराठी अर्थांसह पाठ करता, पण महिन्याभरात त्यातले निम्मे शब्द विसरतात आणि उरलेले वाक्यात वापरले की चुकतात. तेव्हा अर्थ कोणत्या कोशातून घ्यावेत, शब्दांची मुळे आणि उपसर्ग शिकण्याचा उपयोग होतो का, आणि रोज किती शब्द करावेत, असे तुम्ही विचारले आहे. मी नौपाड्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यातली बरीच मुले मराठी माध्यमाचीच असल्यामुळे ही तक्रार माझ्या चांगल्या परिचयाची आहे. माझ्या मते तुमच्या स्मरणशक्तीत काहीही खोट नाही. गडबड आहे ती यादीच्या उजव्या रकान्यात, जिथे प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एक-दोन मराठी प्रतिशब्द लिहून मोकळे झालेले असते.

एक उदाहरण देतो. एका विद्यार्थ्याने पावसाळ्यावरच्या निबंधात ठाण्यात ‘एक्झॉर्बिटंट रेन’ झाल्याचे लिहिले होते. त्याच्या यादीत या शब्दापुढे ‘अवाजवी, अतोनात’ असे दिलेले होते, आणि मराठीत पाऊस अतोनात पडतोच, त्यामुळे त्याचे तर्कशास्त्र बिनचूक होते. मात्र इंग्रजीत ‘एक्झॉर्बिटंट’ हे विशेषण किंमत, भाडे, व्याज, शुल्क, मागणी अशा गोष्टींनाच लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या घरांच्या किमती एक्झॉर्बिटंट असू शकतात, पाऊस नाही. शब्द कोणाच्या सोबतीने येतो ही माहिती त्याच्या अर्थाचाच भाग असते आणि यादी नेमकी तीच गाळते. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, आणि पुढे संगणकावर लाखो वाक्ये साठवून जे कोश तयार झाले त्यांचा पायाही हाच आहे.

दुसरी अडचण अशी की वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांना यादी एकच मराठी शब्द चिकटवते. ‘टॅसिटर्न’, ‘रेटिसंट’ आणि ‘लॅकोनिक’ या तिन्हींपुढे तुम्हाला ‘मितभाषी’ आढळेल. प्रत्यक्षात टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच घुमा, ज्याच्याकडून चार शब्द काढणेही कठीण असा माणूस. रेटिसंट माणूस एरवी भरपूर बोलत असेल, पण स्वतःविषयी किंवा एखाद्या ठरावीक विषयावर तो तोंड उघडत नाही, उदाहरणार्थ आपला पगार. लॅकोनिक हे विशेषण माणसाइतकेच त्याच्या उत्तरालाही लागते, आणि त्यात मोजक्या शब्दांत नेमके बोलण्याचे कौतुकही बहुधा असते. हा शब्द स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून आला. मॅसेडोनियाच्या फिलिप राजाने ‘मी तुमच्या प्रदेशात शिरलो तर तुमची धूळधाण करीन’ अशी धमकी पाठवल्यावर स्पार्टाकडून ‘शिरलास तर’ एवढेच उत्तर गेले, असे सांगतात. परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन पर्याय ‘मितभाषी’च निघतात तेव्हा निर्णय या फरकांवरच होतो.

याचा अर्थ मराठीला हद्दपार करा असा मुळीच नाही. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच समजून घ्यावा असा जो सल्ला सरसकट दिला जातो तो मला अर्धवट वाटतो, कारण आपल्याकडे वाक्प्रचारांचा मोठा साठा आहे आणि कित्येकदा कोशातल्या जडजंबाल प्रतिशब्दापेक्षा वाक्प्रचारच नेमका बसतो. ‘पर्फंक्टरी’ या शब्दापुढे ‘वरवरचा, उपचारादाखल केलेला’ असे लिहिलेले असते. ते बरोबर आहे, पण लक्षात राहत नाही. मी वर्गात फक्त ‘पाट्या टाकणे’ एवढे म्हणतो आणि मुलांच्या चेहऱ्यावर अर्थ उमटतो. ‘इक्विव्होकेट’साठी तर धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ तयारच आहे: शब्दशः खोटे न बोलताही ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल असे दुटप्पी बोलणे. ‘ऑब्सिक्विअस’ म्हणजे लाळघोट्या. असा शब्द सुचला की वहीत तो जरूर लिहा, मात्र त्याच्या शेजारी इंग्रजी वाक्य हवेच.

वहीतली किंवा पत्त्यावरची (म्हणजे छोट्या कार्डावरची) नोंद कशी असावी, तेही सांगतो. पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नका. वाचनात जिथे भेटला ते वाक्य लिहून शब्दाखाली रेघ मारा, उदाहरणार्थ ‘द इन्स्पेक्टर गेव्ह द लिफ्ट अ पर्फंक्टरी ग्लान्स अँड साइन्ड द सर्टिफिकेट’. मागच्या बाजूला सोप्या इंग्रजीत अर्थ, खाली ‘पाट्या टाकल्यासारखे’ आणि त्याखाली या शब्दाबरोबर नेहमी येणारी नामे: ग्लान्स, नॉड, अपॉलॉजी, इन्स्पेक्शन. एवढ्या मजकुराला दोन-तीन मिनिटे लागतात आणि मुले तिथेच कंटाळा करतात.

कोशाबद्दल. वीस खंडांची थोरली ऑक्सफर्ड डिक्शनरी शब्दांचा इतिहास सांगण्यासाठी आहे. तुमच्या कामाचे कोश म्हणजे परभाषकांसाठी मुद्दाम रचलेले कोश. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केलेला असा एक कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि तोच पुढे ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश म्हणून जगभर गेला. लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने सर्व अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांतच सांगण्याचे बंधन स्वतःवर घातले. कॉलिन्स कोबिल्डने १९८७ मध्ये अर्थ पूर्ण वाक्यात देण्याची पद्धत आणली, म्हणजे शब्द कोणाबद्दल आणि कशाबद्दल वापरतात हे व्याख्येतच कळते. एकच घ्यायचा असेल तर मी कोबिल्ड घ्यायला सांगेन. इंग्रजी-मराठी कोशांपैकी मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला १८४७ चा कोश अजूनही वाचनीय आहे, पण त्यातली मराठी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे हे ध्यानात ठेवून तो चाळावा.

मुळांचा आणि उपसर्गांचा उपयोग होतो, आणि आपल्याला तो इतरांपेक्षा जास्त होतो, कारण प्र, परि, सु, दुर् यांची ओळख शाळेतच झालेली असते. ‘बेने’ म्हणजे सु आणि ‘मॅल’ म्हणजे दुर् हे एकदा कळले की बेनेव्होलंट (भले चिंतणारा) आणि मॅलेव्होलंट (वाईट चिंतणारा) ही जोडी पुन्हा पाठ करावी लागत नाही. ‘पेरिमीटर’ला भूमितीत आपण ‘परिमिती’ म्हणतो, आणि ग्रीक ‘पेरी’ व संस्कृत ‘परि’ हे एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘स्पेक’ म्हणजे पाहणे (संस्कृतातले ‘पश्यति’ त्याच घराण्यातले), म्हणून ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा. आणि ‘सर्कमलोक्युशन’ म्हणजे मुद्द्याभोवती घिरट्या घालणारे आडवळणी बोलणे. वर आलेल्या ‘एक्झॉर्बिटंट’मध्ये तर लॅटिन ‘ऑर्बिटा’ आहे, ज्याचा अर्थ चाकाने पडलेला माग, म्हणजे शब्दशः आपली चाकोरी, आणि ती सोडून बाहेर गेलेले ते एक्झॉर्बिटंट.

तरीही मुळांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे टँकर जातात, त्यांच्यामागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ (सहज पेट घेणारे) लिहिलेले असते. तिथला ‘इन’ नकारार्थी समजणारा माणूस ते रसायन पेटत नाही असे मानून बसेल. ‘इन्व्हॅल्युएबल’मधला ‘इन’ नकारार्थीच आहे, तरी अर्थ मोल करता येणार नाही इतके मौल्यवान असा होतो; पण आपल्या ‘अमूल्य’चा अर्थ ‘किंमत नसलेले’ असा कोणी करत नाही, त्यामुळे तो शब्द मराठी माणसाला फसवत नाही. मुळे ही अंदाज बांधण्यासाठी आणि आठवण पक्की करण्यासाठी आहेत. अर्थ ठरवायचा तो वाक्यावरून.

कोणते शब्द आधी घ्यावेत, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते. बाजारातल्या याद्यांमध्ये अतिदुर्मीळ शब्दांचा भरणा असतो, कारण त्यांनी यादी भारदस्त दिसते. भाषासंशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (शब्दकुल म्हणजे एक शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे) यादी प्रसिद्ध केली. अशा लेखनातला साधारण दहावा हिस्सा तिने व्यापलेला असतो. त्यात ॲम्बिग्युअस, इम्प्लिसिट, सबसिक्वंट, ऑलबीट, नॉटविथस्टँडिंग असे शब्द आहेत. यातले दहा शब्द नीट वापरता येत नसतील तर ‘सेस्क्विपिडेलियन’ (लांबलचक, बोजड शब्दांचा) शिकण्यात वेळ घालवू नये, असे माझे ठाम मत आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबानुसार वर्तमानपत्र किंवा कादंबरी बिनअडखळत वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, म्हणजे केवळ याद्यांनी हे काम होणारे नाही, वाचन हवेच. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई या परीक्षेनेही ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंधांचे सुटे प्रश्न काढून टाकले आणि शब्दज्ञान मुख्यतः वाक्यातल्या गाळलेल्या जागांवर तपासायला सुरुवात केली.

विसरण्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटते आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी आज, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी अशी वाढत्या अंतराने करायची. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यासाठी खणांची पेटी सुचवली: शब्द आठवला तर पत्ता पुढच्या खणात, नाही आठवला तर परत पहिल्या खणात. आता हेच काम अंकी नावाचे ॲप करते. ते संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट मिळते. ठाण्याहून ऐरोली हे दिघा गावानंतरचे, म्हणजे दुसरेच स्थानक, तेवढ्या वेळात दहा-बारा पत्ते सहज उलटून होतात. बसायला जागा मिळाली नाही तरी एका हाताने जमते.

रोज पाच-सहा नवे शब्द पुरेत, आणि तेही त्या दिवशीच्या इंग्रजी अग्रलेखात किंवा लेखात भेटलेले. दिवसाला पन्नास शब्दांचा संकल्प सोडणारे मी अनेक पाहिले आहेत. चौथ्या-पाचव्या दिवशी उजळणीचा ढीग इतका वाढतो की वही उघडवत नाही. एखादा दिवस बुडाला तर नवे शब्द सोडा, पण उजळणी सोडू नका. परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवा शब्द अजिबात घेऊ नका; जुने पत्ते फिरवा आणि गाळलेल्या जागांचे सरावसंच वेळ लावून सोडवा.