मुलगी बेळगावात मराठी माध्यमात आठवीत आहे. कन्नड शब्द रोज दहादा वाचते, तरी आठवड्यात विसरते. अजून वाचून घ्यावे का?

नको, वाचन कमी करा आणि वही मिटून आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना उतारे देऊन नेमके हेच तपासले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 42 टक्केच आठवले, तर एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि तीच फसगत आहे: ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. म्हणून 'दूध' म्हणा, तिला 'हालु' आठवू द्या. अडली तर लगेच सांगू नका, थोडं थांबा. मग वहीत बघून चूक तिथेच दुरुस्त करा. तेच शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारा. खानापूरकडच्या मराठी शाळेत शिकवताना मी हेच करते. मात्र कन्नड लिपी अजून कच्ची असेल, 'म' आणि 'व'मध्ये गोंधळ होत असेल, तर आधी अक्षरं पक्की करून घ्या. मुळात डोक्यात गेलंच नाही ते आठवणार कुठून?