नरितावरून सावारा करायचं असेल तर

पहिल्यांदाच जपानला जाताय आणि टोकियोजवळच्या नरिता विमानतळावर उतरताय, तर एक दिवस सावारा या जुन्या व्यापारी गावासाठी ठेवाच. नरिता स्टेशनवरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) लोकल गाडीने साधारण अर्धा तास. पण गाड्या तासाला जेमतेम एक, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. सोमवार टाळा, नकाशाकार इनो तादाताकाचं संग्रहालय बंद असतं.

गावातली ओनो नदी म्हणजे खरं तर ओढ्याएवढी. पण एदो काळात (१६०३-१८६८) इथूनच तांदूळ, साके (तांदळाची दारू) होड्यांनी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जायचं. काठावर काळ्या कौलांची दुकानं अजून चालू आहेत. इनो तादाताकाचं घर चुकवू नका. साकेचा धंदा सांभाळणारा हा माणूस पन्नाशीला निवृत्त होऊन स्वतःपेक्षा १९ वर्षांनी लहान गुरूकडे खगोलशास्त्र शिकला आणि १८०० पासून पायी हिंडून जपानचा नकाशा केला! घरासमोरच्या 'जाजा' पुलाच्या कडेतून दर अर्ध्या तासाने पाणी नदीत धो धो पडतं. होडीची फेरी थंडीत घेतलीत तर वर कोतात्सू, म्हणजे गरम शेगडीचं टेबल, मिळतं.

शाकाहारी असाल तर डबा न्याच. साध्या सोबाच्या (कुट्टूच्या नूडल्सच्या) रश्शातही माशाचा अर्क असतो. जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळच्या रथोत्सवांत गर्दी मरणाची, तरी मी तेव्हाच जाईन.